लॅपटॉपचा प्रोसेसर ९७ अंशांवर जातो : किती तापमान सुरक्षित मानावे?

रात्रपाळीकर (प्रश्न)

नमस्कार. माझ्याकडे साडेतीन वर्षांपूर्वी घेतलेला पंधरा इंची लॅपटॉप आहे. त्यात इंटेलचा कोअर आय-७ १२७००एच हा प्रोसेसर, एनव्हिडियाची आरटीएक्स ३०६० ही स्वतंत्र ग्राफिक्स चिप आणि एक एनव्हीएमई एसएसडी (फाईल साठवणारी वेगवान चकती) आहे. मी त्यावर मुख्यतः व्हिडिओंचे संपादन करतो आणि रात्री शेवटचे एक्स्पोर्ट लावून झोपतो. गेल्या काही महिन्यांत पंख्याची घरघर इतकी वाढली आहे की बाजूच्या खोलीतही ती ऐकू येते. म्हणून परवा प्रथमच एचडब्ल्यूइन्फो हा सेन्सरांचे आकडे दाखवणारा प्रोग्रॅम उतरवून घेतला आणि त्यातले आकडे पाहून चालू असलेले एक्स्पोर्ट तिथेच थांबवले.

प्रोसेसरचे कमाल तापमान ९७ अंश सेल्सिअस, ग्राफिक्स चिपचे ६३ आणि एसएसडीचे ६८ दिसले. सर्वांत भयंकर म्हणजे 'ऑक्झिलरी' नावाच्या एका सेन्सरसमोर चक्क १२७ अंश लिहिलेले आहेत. बिजागरीजवळचा कळफलकाचा भाग एक्स्पोर्टच्या वेळी इतका तापतो की बोट फार वेळ ठेवता येत नाही.

इतरत्र शोध घेतला तेव्हा परस्परविरोधी उत्तरे मिळाली. कोणी म्हणते की ८० च्या वर गेले की प्रोसेसरचे आयुष्य घटते, तर कोणी म्हणते की ९५ अंश अगदी नेहमीचे आहेत. तेव्हा नेमके कोणत्या भागाचे किती तापमान सुरक्षित समजावे, ते कसे तपासत राहावे, आणि माझ्या लॅपटॉपला थर्मल पेस्ट (चिपची उष्णता पुढे वाहून नेणारा लेप) बदलण्याची गरज आहे का, याविषयी जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उष्णतामापी (उत्तर)

आधी १२७ चा निकाल लावू, कारण त्या आकड्याने अनेकांची झोप उडवलेली मी पाहिली आहे. आठ बिटांच्या चिन्हांकित संख्येत मावणारी सर्वांत मोठी किंमत १२७ असते. मदरबोर्डवरील देखरेख करणाऱ्या चिपच्या ज्या पायाला सेन्सर जोडलेलाच नसतो, तिथून प्रोग्रॅमला बहुतेक वेळा हीच किंमत मिळते. खरे तापमान हलते, एका अंशाने का होईना, पण हलते. तुमचा हा आकडा लॅपटॉप सुरू केल्यापासून जागचा हललेला नसेल तर ती ओळ खुशाल लपवून टाका.

आता ९७ कडे वळू. तुमच्या प्रोसेसरसाठी इंटेलने ठरवलेली कमाल मर्यादा १०० अंश आहे. तिला टीजे मॅक्स म्हणतात, आणि ती सिलिकॉनच्या आतल्या तापमानाची मर्यादा असते. प्रत्येक मॉडेलची मर्यादा निर्माता स्वतःच जाहीर करतो. एएमडीच्या लॅपटॉपमधील अलीकडच्या अनेक प्रोसेसरांची मर्यादा ९५ किंवा १०० अंश आहे. त्यामुळे 'लॅपटॉपसाठी सुरक्षित तापमान अमुक' असे सरसकट सांगणारे कोष्टक मी कधीच प्रमाण मानत नाही. पहिली पायरी म्हणजे आपल्या मॉडेलचे तपशीलपत्रक उघडून त्यातला हा एक आकडा पाहून ठेवणे.

एक गमतीची गोष्ट अशी, की इंटेलच्या प्रोसेसरमधला सेन्सर तापमान सांगतच नाही. आपण मर्यादेपासून किती अंश खाली आहोत एवढेच तो सांगतो आणि प्रोग्रॅम ते अंतर मर्यादेतून वजा करून आपल्याला तापमान दाखवतो. एचडब्ल्यूइन्फोमध्ये 'डिस्टन्स टू टीजे मॅक्स' ही स्वतंत्र ओळ असते ती यासाठीच. हे सेन्सर मर्यादेजवळ चांगले अचूक असतात आणि चिप थंड असताना कमी अचूक, म्हणून नुसत्या डेस्कटॉपवर ४१ की ४५ यावर वाद घालण्यात अर्थ नाही.

मर्यादा गाठली की प्रोसेसर स्वतःच आपला वेग आणि व्होल्टेज उतरवतो. यालाच थ्रॉटलिंग म्हणतात. तरीही तापमान चढत राहिले आणि मर्यादेच्या बरेच वर गेले, तर ऑपरेटिंग सिस्टिमला न विचारता वीज तोडणारी वेगळी व्यवस्था प्रोसेसरमध्येच असते. 'प्रोसेसर जळेल' ही भीती ज्या काळातून आली, तो काळ गेला. २००१ मध्ये एका संगणकविषयक संकेतस्थळाने चालू प्रोसेसरवरचे हीटसिंक, म्हणजे उष्णता ओढून घेणारा धातूचा ठोकळा, उचलून पाहण्याचा प्रयोग केला होता, तेव्हा पेन्टियम ४ नुसता मंदावला आणि त्या वेळचे अ‍ॅथलॉन प्रोसेसर खरोखरच धूर सोडून मेले. आज तसे होत नाही.

मात्र एवढ्यावरून तुमचा लॅपटॉप ठणठणीत आहे असे मी म्हणणार नाही. १२७००एचची मूळ वीजमर्यादा ४५ वॉट आहे, पण टर्बोमध्ये, म्हणजे थोडा वेळ वाढवलेल्या वेगात, तो ११५ वॉटपर्यंत घेऊ शकतो, आणि ही सगळी उष्णता अंगठ्याच्या नखापेक्षा फारशी मोठी नसलेल्या सिलिकॉनच्या तुकड्यातून बाहेर पडते. जड काम सुरू होताच एका सेकंदात ५० वरून ९० वर उडी जाणे हा बिघाड नव्हे. चिपचा जीव इतका छोटा असतो की ती क्षणात तापते, तर तांब्याच्या नळ्या आणि पंखे भारावर स्थिरावायला काही मिनिटे घेतात. म्हणून एका क्षणाच्या कमाल आकड्यावरून निदान करता येत नाही. त्यासाठी वीस मिनिटांची नोंद लागते.

तेव्हा असे करा. खोलीचे तापमान लिहून ठेवा, कारण खोली पाच अंशांनी गरम असली की मर्यादेखाली चालणारे सगळे भाग साधारण तेवढ्याच अंशांनी गरम दिसतात. लॅपटॉप टेबलावर चार्जर लावून ठेवा, दहा मिनिटे काहीही न करता चालू द्या, मग एचडब्ल्यूइन्फोमधील घड्याळाच्या बटनाने किमान आणि कमाल आकडे पुसून टाका, नोंद फाईलमध्ये साठवण्याचा पर्याय सुरू करा आणि नेहमीचेच एक्स्पोर्ट वीस मिनिटे चालवा. प्राइम९५ किंवा फरमार्कसारखे भार टाकू नका, ते प्रत्यक्ष कामापेक्षा कितीतरी जड असतात. फाईलमधल्या चार गोष्टी इथे द्या: पॅकेजचे (म्हणजे संपूर्ण प्रोसेसरचे) तापमान, पॅकेजची वीज किती वॉट, 'इफेक्टिव्ह क्लॉक' (प्रत्यक्षात मिळणारा वेग), आणि थर्मल थ्रॉटलिंगसमोर 'येस' की 'नो'. चौघांतला सर्वांत महत्त्वाचा आकडा कोणता, ते नोंद आल्यावर सांगतो.

काठावरचा (उत्तर)

वरील प्रतिसादाशी मी सहमत आहे, पण एक पुस्ती जोडतो. सगळी चर्चा प्रोसेसरभोवती फिरते, आणि लॅपटॉपमध्ये उष्णता सर्वांत निमूटपणे सोसणारा भाग तोच आहे. बॅटरी आणि एसएसडी यांचे तसे नाही.

लिथियम-आयन बॅटरी साधारणपणे ० ते ४५ अंशांच्या दरम्यानच चार्ज करावी असे तिच्या सेलचे निर्माते सांगतात. पूर्ण चार्ज आणि उष्णता ही जोडी तिला सर्वांत वाईट. ती एकदम फुटत नाही, तर महिन्यामहिन्याला गुपचूप क्षमता गमावते. रात्रभर चार्जर लावून, १०० टक्क्यांवर, गरम यंत्रात एक्स्पोर्ट चालवणे म्हणजे नेमकी हीच जोडी जमवणे. बहुतेक उत्पादकांच्या प्रोग्रॅममध्ये किंवा बायोसमध्ये (विंडोज सुरू होण्याआधीच्या मूळ सेटिंगमध्ये) चार्ज ८० टक्क्यांवर थांबवण्याची सोय असते, ती सुरू करावी. बॅटरीचे तापमान सर्वच लॅपटॉप उघड करत नाहीत, त्यामुळे तिथे सेन्सरपेक्षा डोळे आणि हात कामी येतात. टचपॅड वर उचलला गेला, त्याची टिकटिक घट्ट झाली, किंवा लॅपटॉप सपाट टेबलावर डुगडुगू लागला, तर बॅटरी फुगली आहे असे समजून लॅपटॉप ताबडतोब बंद करावा. ती टोचू नये, दाबू नये आणि पुन्हा चार्ज करू नये.

एसएसडीचे ६८ अंश जड लेखनाच्या वेळी येत असतील तर चिंता करण्याइतके नाहीत, मात्र फार जागाही शिल्लक नाही. ग्राहकांसाठीच्या बहुतेक एनव्हीएमई एसएसडींच्या तपशीलपत्रकात चालण्याचे तापमान ० ते ७० अंश दिलेले असते, आणि कंट्रोलर त्याच्या आसपास किंवा थोडे वर गेला की वेग उतरवू लागतो. आपल्या एसएसडीची इशारापातळी किती आहे ते ती स्वतःच सांगते. क्रिस्टलडिस्कइन्फोसारख्या प्रोग्रॅमने तिची स्वास्थ्यनोंद उघडून पाहावी. काही एसएसडी दोन सेन्सर दाखवतात, एक मेमरीचा आणि एक कंट्रोलरचा. दुसरा दहा-पंधरा अंशांनी गरम दिसला तर दचकू नये.

ग्राफिक्स चिपचेही तसेच. 'एनव्हिडिया-एसएमआय' ही आज्ञा तापमानाच्या तपशिलासह चालवली, तर चिप कोणत्या अंशाला मंदावते आणि कोणत्या अंशाला बंद होते हे सहसा छापून येते. लॅपटॉपमधल्या ३०-मालिकेतील चिपा साधारणपणे ८७ अंशांच्या आसपास स्वतःला आवरतात. तिचे सरासरी तापमान आणि 'हॉट स्पॉट' (चिपवरच्या सर्वांत तापलेल्या जागेचे) तापमान यांच्यात दहा-पंधरा अंशांचा फरक नेहमीचा असतो, पण तो पंचवीस-तीस झाला तर चिप आणि हीटसिंक नीट टेकलेले नाहीत अशी शंका घ्यावी.

राहता राहिला तुमच्या बोटाला बसणारा चटका. तो सेन्सरवर दिसत नाही, पण मांडीवर लॅपटॉप ठेवणाऱ्यांनी त्याकडे दुर्लक्ष करू नये. जेमतेम ४५ अंशांचा पृष्ठभाग रोज तासन्‌तास त्वचेला लागून राहिला, तर भाजल्याची जाणीव न होताही त्वचेवर जाळीदार काळपट डाग पडतात, आणि लॅपटॉपमुळे असे झाल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आलेल्या आहेत.

निर्धास्त (उत्तर)

मला हा सगळा खटाटोप अनावश्यक वाटतो. माझा आधीचा लॅपटॉप सहा वर्षे ९५ अंशांवर चालला आणि शेवटी खराब झाली ती स्क्रीनची केबल. निर्मात्याने १०० ची मर्यादा दिली आहे, तर ९७ हे मर्यादेत आहे. प्रोग्रॅम काढून टाका आणि काम करा.

उष्णतामापी (उत्तर)

@निर्धास्त, तुमचा लॅपटॉप टिकला याचा आनंद आहे, आणि प्रोसेसर मरत नाही हे मीही वर लिहिले आहे. पण 'मर्यादेत आहे' या शब्दांत एक फसगत दडलेली आहे. धरणाच्या सांडव्यावरून पाणी वाहू लागले की जलाशयाची पातळी सांडव्याच्या उंचीपाशीच राहते. मग वरून किती पाणी येत आहे आणि किती वाहून चालले आहे, हे पातळीच्या पट्टीवरून कळत नाही. प्रोसेसरचे तसेच होते. थ्रॉटलिंग सुरू झाले की तापमान ९५ ते १०० च्या मध्ये धरून ठेवले जाते, मग पंखा नवा कोरा असो की धुळीने तुंबलेला. ठणठणीत लॅपटॉपही ९७ दाखवेल आणि आजारीही ९७ दाखवेल. फरक दिसेल तो त्या ९७ अंशांवर प्रोसेसर किती वॉट पचवतो आहे यात. चौघांतला महत्त्वाचा आकडा म्हणालो होतो तो हाच.

रात्रपाळीकर

सर्वांचे आभार. सांगितल्याप्रमाणे नोंद घेतली. १२७ चा आकडा खरोखरच अथपासून इतिपर्यंत १२७ च होता, ती ओळ लपवली.

खोलीचे तापमान ३० अंश. काहीही काम नसताना प्रोसेसर ५९ अंश, आणि तेव्हाही पंखा ऐकू येत होता. एक्स्पोर्ट सुरू होताच पहिल्या दोन सेकंदांत ९६. सुरुवातीची वीज ८८ वॉट दिसली, पण अर्ध्या मिनिटातच ती ४० च्या खाली आली. पाचव्या मिनिटापासून विसाव्या मिनिटापर्यंत तापमान ९५ ते ९७, वीज २९ ते ३१ वॉट, मोठ्या कोअरांचा (प्रोसेसरमधल्या जड काम करणाऱ्या गाभ्यांचा) इफेक्टिव्ह क्लॉक १.८ गिगाहर्ट्झच्या आसपास, आणि थर्मल थ्रॉटलिंगसमोर लाल अक्षरांत 'येस'. एसएसडी ६६ पर्यंत गेली.

उष्णतामापी (उत्तर)

नोंद उत्तम आहे. निष्कर्ष काढण्याआधी एक खुलासा हवा. बहुतेक लॅपटॉपांत प्रोसेसर आणि ग्राफिक्स चिप यांच्या उष्णतावाहक नळ्या सामायिक असतात, आणि दोघे एकदम राबू लागले की उत्पादक प्रोसेसरचे वॉट मुद्दाम कमी करतो. तेव्हा हे ३० वॉट हा दोष आहे की धोरण, ते ठरवायला हवे. एक्स्पोर्ट ग्राफिक्स चिपवर चालते का? आणि 'परफॉर्मन्स लिमिट' या गटात थर्मलसमोर 'येस' आहे की पॉवरसमोर?

रात्रपाळीकर

एक्स्पोर्ट पूर्णपणे प्रोसेसरवर चालते, ग्राफिक्स चिप त्या वेळी जवळजवळ रिकामी असते. पॉवरसमोर पहिल्या काही सेकंदांत 'येस' होते, नंतर सर्व वेळ फक्त थर्मल.

उष्णतामापी (उत्तर)

मग शंका उरत नाही. मूळ ४५ वॉट आणि मोठ्या कोअरांचा मूळ वेग २.३ गिगाहर्ट्झ ही निर्मात्याने सांगितलेली किमान अपेक्षा आहे, टर्बो हा वरचा बोनस. ग्राफिक्स चिप रिकामी असताना, पंखे पूर्ण वेगात असताना, लॅपटॉप ३० वॉटही मर्यादेखाली पचवू शकत नसेल, तर उष्णता बाहेर टाकण्याच्या वाटेत अडथळा आहे. प्रोसेसर धोक्यात नाही, पण दोन तासांत व्हायचे काम तीन-साडेतीन तास घेत असणार.

अडथळा बहुधा दोनपैकी एक असतो: पंखा आणि तांब्याच्या पातळ पट्ट्यांच्या मध्ये साठलेली धूळ, किंवा सुकलेली पेस्ट. तुमच्या बाबतीत मी आधी धुळीवर संशय घेईन, कारण काम नसतानाचे ५९ आणि सततचा पंखा ही हवेच्या तुटवड्याची लक्षणे आहेत. एक झटपट खूण सांगतो. भार चालू असताना बाहेर पडणाऱ्या हवेसमोर हात धरा. पंखा ओरडतो आहे आणि हवा मात्र मंद झुळुकीसारखी येते आहे, असे असेल तर झरोके तुंबलेले आहेत. हवा जोरात पण कोमट येत असेल, आणि प्रोसेसर ९७ वर असेल, तर उष्णता पट्ट्यांपर्यंत पोहोचतच नाही, म्हणजे पेस्टचा दोष.

स्वच्छता स्वतः करणार असाल तर लॅपटॉप पूर्ण बंद करा. झोपवलेला लॅपटॉप बंद नसतो. चार्जर काढा, मागचे झाकण उघडल्यावर सर्वांत आधी बॅटरीची जोडणी सोडवा. दाबलेली हवा मारताना पंख्याची पाती बोटाने किंवा काडीने धरून ठेवा. वाऱ्याने तो मोकाट फिरला तर बेअरिंगला इजा होऊ शकते. घरातील व्हॅक्यूम क्लीनरची नळी आत घालू नका, तिच्या टोकाशी स्थिर विद्युत साचते. आणि बाहेरच्या झरोक्यातून हवा फुंकून समाधान मानू नका. धुळीचा थर पट्ट्यांच्या आतल्या, पंख्याकडच्या बाजूला असतो, बाहेरून फुंकल्यास त्याचे तुकडे पंख्यात पडतात. वॉरंटी असेल तर झाकण उघडल्याने तिच्यावर काय परिणाम होतो ते आधी वाचून घ्या. पेस्टला तूर्त हात लावू नका. एका वेळी एकच गोष्ट बदलली तरच गुण कशाने आला ते कळते.

पानगळ (उपप्रश्न)

धाग्यात मध्येच विचारतो आहे, क्षमस्व. विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये तापमान दिसत असताना वेगळा प्रोग्रॅम कशासाठी? शिवाय माझ्या संगणकावर अशाच एका जुन्या प्रोग्रॅमला विंडोजच्या सुरक्षाप्रणालीने धोकादायक ठरवून अडवले. आणि लिनक्स किंवा मॅकवर काय वापरावे?

काठावरचा (उत्तर)

टास्क मॅनेजर स्वतंत्र ग्राफिक्स चिपचे तापमान दाखवतो, प्रोसेसरचे दाखवत नाही. बायोसमधला आकडा उपयोगाचा नाही, कारण तिथे पोहोचेपर्यंत भार संपलेला असतो. प्रोसेसरच्या आतले सेन्सर वाचायला प्रोग्रॅमला कर्नलच्या, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या, पातळीवरील ड्रायव्हर लागतो, आणि अनेक जुने प्रोग्रॅम त्यासाठी 'विनरिंगझिरो' नावाचा ड्रायव्हर वापरत असत, ज्यात ज्ञात सुरक्षा-त्रुटी आहे. इशारा त्यामुळे येतो. तो बाजूला सारून प्रोग्रॅम चालवण्यापेक्षा त्याची नवी आवृत्ती घ्यावी किंवा दुसरा प्रोग्रॅम निवडावा.

लिनक्सवर 'एलएम-सेन्सर्स' बसवून 'सेन्सर्स' ही आज्ञा दिली की काम होते. मॅकवर 'पॉवरमेट्रिक्स' ही आज्ञा वीज आणि उष्णतेचा दाब सांगते. २०२० च्या एम१ मॅकबुक एअरमध्ये तर पंखाच नाही. तिथे मंदावणे हीच उष्णता आवरण्याची एकमेव रीत आहे, म्हणून त्याची तुलना पंखेवाल्या लॅपटॉपशी करू नये.

रात्रपाळीकर

रविवारी झाकण उघडले. वॉरंटी संपलेली होती, त्यामुळे तो प्रश्न नव्हता. अकरा स्क्रू निघाले, त्यातले पुढचे चार आखूड होते, म्हणून ते कागदावर लॅपटॉपची आकृती काढून त्या-त्या जागी चिकटवून ठेवले. ही युक्ती सुचली नसती तर बंद करताना पंचाईत झाली असती.

पंख्यांची पाती पाहून प्रथम निराशा झाली, कारण ती जवळजवळ स्वच्छ होती. मग पंख्याचे छोटे झाकण काढले, आणि पट्ट्यांच्या तोंडाशी राखाडी नमद्यासारखी एक पट्टी बसलेली दिसली. चिमट्याने टोक धरून ओढली तर ती अखंड बाहेर आली, बोटभर लांब आणि जाड कापडासारखी, तिच्यात केसही गुंतलेले होते. दुसऱ्या बाजूचीही तशीच निघाली. बाहेरून पाहताना झरोके अगदी मोकळे दिसत होते.

बॅटरीची जोडणी, स्क्रू, झाकण सगळे पूर्ववत करून तेच एक्स्पोर्ट पुन्हा चालवले. खोलीत ३० च अंश होते. काम नसताना ४८. एक्स्पोर्टच्या पहिल्या क्षणी तापमान पुन्हा ९६ वर गेले, तेव्हा वाटले की सगळी मेहनत वाया गेली. पण या वेळी वीज हळूहळू उतरली आणि पाचव्या मिनिटानंतर ४५ वॉटवर स्थिर झाली, तापमान ८६ ते ८८, मोठ्या कोअरांचा वेग २.६ गिगाहर्ट्झच्या वर, थर्मलसमोर 'नो' आणि त्याऐवजी पॉवरसमोर 'येस'. एसएसडी ६१. जे एक्स्पोर्ट आधी ३ तास १० मिनिटे घेत होते ते २ तास १५ मिनिटांत झाले.

उष्णतामापी (उत्तर)

थर्मलची जागा पॉवरने घेतली, म्हणजे आता थांबा उष्णतेचा नसून निर्मात्याने आखलेल्या वीजमर्यादेचा आहे. यंत्र जसे चालायला हवे तसे चालते आहे. ३० अंशांच्या खोलीत ४५ वॉटला ८७ हे या आकाराच्या लॅपटॉपसाठी ठीक आहे. पेस्ट बदलू नका. ही नोंद मात्र तारखेसह जपून ठेवा आणि सहा महिन्यांनी तेच एक्स्पोर्ट, तशाच खोलीत, पुन्हा चालवून ताडून पाहा. धूळ नसताना वॉट घसरलेले दिसले, तर तेव्हा पेस्टचा विचार करू. त्या वेळीही पेस्टऐवजी लावल्या जाणाऱ्या द्रवधातूच्या वाटेला जाऊ नका. त्यातले गॅलियम अ‍ॅल्युमिनियम खाते, आणि थेंब ओघळून बोर्डावर पडला तर शॉर्ट होतो.

आवाज अजून खटकत असेल, तर विंडोजच्या वीजयोजनेत प्रोसेसरची कमाल स्थिती ९९ टक्के करून पाहा. त्याने टर्बो बंद होतो, आणि लेखन-वाचनाच्या कामात फरक जाणवतही नाही. व्होल्टेज कमी करण्याचा मार्ग पूर्वी सोपा होता, पण २०१९ च्या अखेरीस 'प्लंडरव्होल्ट' ही व्होल्टेज बदलून इंटेलच्या प्रोसेसरची सुरक्षा भेदू देणारी त्रुटी उघडकीस आल्यानंतर पुष्कळ उत्पादकांनी तो बायोसमधूनच बंद केला आहे.

निर्धास्त (उत्तर)

म्हणजे ९६ आधीही होते आणि ९६ आताही आहे. तर मी म्हणालो ते अगदीच चूक नव्हते.

उष्णतामापी (उत्तर)

आकड्यापुरते नव्हते. तुमच्या त्या जुन्या लॅपटॉपचे वॉट कोणी पाहिले असते, तर स्क्रीनच्या केबलआधी आणखी एक गोष्ट सापडली असती, असा मला दाट संशय आहे.

रात्रपाळीकर

एक राहिलेच. चार्ज ८० टक्क्यांवर थांबवण्याचा पर्याय बायोसमध्ये सापडला आणि सुरू केला. झाकण उघडले होते तेव्हा बॅटरी बाजूने निरखून पाहिली, चारही सेल सपाट आहेत. बिजागरीजवळचा भाग अजून तापतो, पण आता त्यावर बोट टेकवून ठेवता येते.